क-प्रत

खर्डीपाडा, तालुका तळोदा.
गट नंबर एकशे सात, पोटखराबा.
पोटखराबा म्हणजे जिथं काही उगवत नाही,
असं आम्ही खात्याच्या परीक्षेत लिहिलं
आणि पास झालो.

टेंभ्यावर दगड उभे. ते त्यांना गाता म्हणतात.
सगळ्यात खालचे इतके झिजलेले
की घोडा आहे की ढग
हात फिरवल्याशिवाय कळत नाही.
वर चढावं तसा घोड्याला लगाम येतो,
स्वाराला तलवार, मग बंदूक, मग ऑइलपेंट.
एकाच्या मनगटावर घड्याळ : दहा वाजून दहा.
प्रत्येकाच्या डोक्यावर सूर्य आणि चंद्र,
दोघांना एकाच वेळी ड्यूटी.

अकरा वर्षं ग्रामसभा कागदांशी भांडली.
क्रशरची परवानगी दोनदा निघाली, दोनदा थांबली.
मधल्या काळात पूर्वेचा अर्धा उतार
खडी होऊन कुठल्याशा बायपासखाली गेला.
त्यात किती घोडे होते, कुणी मोजलं नाही.
मोजणीची फी भरलेली नव्हती.

मग राजपत्र आलं.
तलाठ्यानं मोहाखाली उभं राहून वाचलं :
प्राचीन स्मृतिशिळांचे स्थळ,
यापुढे सार्वजनिक उद्यान,
खोदकाम, बांधकाम, नव्याने काहीही उभारणे
यास सक्त मनाई.
ढोल वाजला. मलाही द्रोणातून दिली.
मी नाही म्हटलं नाही.

वैशाखातली मोजणी.
माझ्या शिपायाला ऊन बाधलं,
म्हणून रेलीबाई वळवीनं प्रिझमचा दांडा धरला.
दिवसभर. बोट हललं नाही.
एवढी स्वच्छ वाचनं मला नोकरीत मिळाली नव्हती.

दुपारी तिनं विचारलं,
बाजारातल्या अहिराणीत, माझ्यासाठी :
'त्या कागदमा काय शे?'
म्हटलं, जुन्या दगडांना आता कुणी हात लावणार नाही.
'आनि नवा?'
नवा बसवता येणार नाही, बाई. कलम आहे.
'जुनं म्हंजे कितलं जुनं, भाऊ?'

मी शंभर वर्षं म्हणालो. अंदाजे.
ती घड्याळवाल्याकडे बघत राहिली.
तो तिचा सासरा.

'मना आंडोर फागणमा गया.
सुरत बाजूले ऊस तोडाले गयथा.'
एवढंच. मग दांडा घेऊन
पुढच्या बिंदूवर जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी घरामागं नेलं तिनं.
गोणपाटाखाली सेगजी.
घोड्यावर बसलेला, सूर्य-चंद्रासकट,
हातात मोबाइल. पडदा अजून कोराच.
रंगवणारा अक्कलकुव्याहून यायचा होता.

माझ्याकडे यासाठी रकाना नव्हता.
फील्डबुकात लिहिलं :
शिळा, नग एक्केचाळीस.

अश्विनात परत गेलो, हद्द कायम करायला.
सरकारचे चौदा दगड, चुन्यानं पांढरे केलेले,
ट्रॅक्टरभर. ते नवे चालतात.
नांगरलेल्या मातीत खड्डे घेताना
मी उगाचच वर जाऊन पुन्हा मोजलं.
बेचाळीस.
पुन्हा मोजलं.

खोडाखोड चालत नाही आमच्यात.
शेजारी शेरा लिहिला :
मागील मोजणीवेळी एक शिळा
गवतात दिसून आली नाही. सही, तारीख.
वैशाखात गवत कुठून,
असं साहेबांनी विचारलं नाही.
तेही तापीकाठचेच.

रेलीबाई दिसली नाही. शेतात असेल.
उतरताना मी त्या मोबाइलच्या पडद्याला
हात लावून पाहिला.
रंग ओला होता.

क-प्रतीच्या वरच्या कोपऱ्यात
एक निळा ठिपका आहे.
नकाशाच्या सूचीत
त्याची खूण दिलेली नाही.